टारानाकीची आफ्रिकन कुपाटी आणि दोन टायर

शनिवार, १८ मार्च २०१७. पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं. हॅमिल्टनमधल्या आमच्या भाड्याच्या घरासमोर मी गुडघ्यावर बसून गाडीच्या चारही चाकांची हवा तपासत होतो.

"अहो, काल संध्याकाळी तपासली होती ना?" शुभांगी डबा घेऊन दारात उभी होती.

"तेव्हा टायर गरम होते. गरम टायरचा आकडा खरा नसतो."

"आणि आता खरा आला?"

"आला. बत्तीस, बत्तीस, बत्तीस, एकतीस."

"मग त्या एकतिसाला घेऊन बसणार का निघायचं?"

निघालो. पण आधी मी चौथ्या टायरात हवा भरली. हे सांगायचं कारण, ज्या माणसाला टायरची एवढी काळजी, त्याच माणसाच्या हातून पुढे काय झालं ते तुम्हाला याच लेखात वाचायचं आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी प्रमोद, गाव माण तालुक्यातलं. बारावीत गणितानं दोनदा अडवलं, मग पुस्तकं बांधून ठेवली. इथे लोकांच्या अंगणातलं गवत कापतो आणि कुंपणाची झाडं छाटतो. शुभांगी नर्स आहे. तिच्या व्हिसावर मी या देशात आलो, हे मी आता न अडखळता सांगू शकतो. पहिलं वर्षभर सांगत नव्हतो. ती हॅमिल्टनच्या एका वृद्धाश्रमात काम करते आणि तिला हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचं होतं. टारानाकी भागातल्या हावेरा या गावात तशी जागा निघाली, सोमवारी सकाळी साडेदहाला मुलाखत ठरली, आणि मुलाखतीच्या निमित्तानं टारानाकी बघून घेऊ असं ठरवून आम्ही दोन दिवस आधी निघालो.

जागेची बातमी कुणी दिली? निनादनं. निनाद पुण्याचा, कोथरूडचा, फार्मासिस्ट. आधी तो शुभांगीच्या वृद्धाश्रमाची औषधं बघायचा, आठ महिन्यांपूर्वी हावेऱ्याच्या एका दुकानात गेला आणि ओपुनाके नावाच्या समुद्राकाठच्या गावात घर घेऊन राहू लागला. माणूस चांगला आहे. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहायला जीव होणार नाही. तो शुभांगीला 'शुभा' म्हणतो आणि 'तू' म्हणतो. ती त्याला 'तू' म्हणते. मला ती 'तुम्ही' म्हणते. आमच्याकडे ती रीतच आहे, मला कधी खटकली नव्हती. त्या दोघांचं 'अरे' आणि 'अगं' कानावर पडायला लागल्यावर खटकू लागली.

हॅमिल्टन ते न्यू प्लिमथ अंतर सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर, साडेतीन तास धरा. टे कुइटीत पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप कमी. अवाकिनोची घळ सुरू झाली की रस्ता नदीला चिकटून वळत राहतो आणि मागे एखादा मोठा ट्रक लागतो. घाबरू नका, बाजूला घ्यायच्या जागा आहेत, त्याला जाऊ द्या. मोकाऊला समुद्र दिसतो. तिथे लोक गाडी थांबवून बारीक माशांची ऑम्लेटसारखी वडी पावात घालून खातात. शनिवार असल्यामुळे आम्ही दोघांनी नुसता चहा घेतला आणि डब्यातल्या भाकरी-ठेच्यावर ताव मारला. शेजारच्या बाकावरच्या बाईनं ठेचा मागून घेतला, चाखला, डोळे पुसत "स्वीट ॲज", म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', म्हणाली आणि आपली पाण्याची बाटली रिकामी केली. त्यानंतर वीस किलोमीटर आम्ही हसत होतो. त्या प्रवासातले सगळ्यात चांगले वीस किलोमीटर तेच.

न्यू प्लिमथला निनाद वाट बघत उभा होता. गाडी चंदेरी, दोन वर्षं जुनी, काच खाली करायला बटण. आमच्या गाडीलाही बटण आहे, पण माझ्या बाजूची काच वर जाताना हाताला धरून न्यावी लागते.

"किया ओरा, प्रमोदशेठ! शुभा, तू केस कापलेस?"

तिनं केस बुधवारी कापले होते. माझ्या लक्षात शुक्रवारी आलं, तेही तिनं विचारल्यावर.

इथून पुढे रस्ता क्रमांक पंचेचाळीस, लोक त्याला सर्फ हायवे म्हणतात. डाव्या हाताला टारानाकीचा डोंगर, कुणी भात मुदीनं पाडावा तसा एकटाच, आणि उजव्या हाताला समुद्र. मध्ये दूधवाल्यांची कुरणं. या कुरणांना जी कुंपणं आहेत ती बघून मी ओकाटोच्या पुढे गाडी कडेला घेतली.

आमच्याकडे बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून शेताला कुपाटी घालतात. फांदी हातानं उचलायची नाही, बेळक्यानं, म्हणजे दोन फाट्यांच्या काठीनं, दाबायची आणि बुंध्याकडून ओढायची. मी सहावीत असल्यापासून हे काम केलंय. इथे माझ्यासमोर दोन पुरुष उंचीची हिरवीगार जिवंत कुपाटी उभी होती, मैलोन्‌मैल. समुद्राच्या बाजूनं वाऱ्यानं घासून तासल्यासारखी गुळगुळीत, आणि सगळी डोंगराकडे झुकलेली. मी जवळ जाऊन फांदी बघितली. काटा वेगळा फुटलेला नव्हता, प्रत्येक छोटी डहाळीच शेवटी काटा झाली होती. त्या काट्यावरच पानं, काट्यावरच फूल. पानं जाडसर, घोळीच्या भाजीसारखी रसाळ. फूल बघितलं आणि मी शुभांगीला हाक मारली. "हे बघ, वांग्याचं फूल!" लहान, फिकट जांभळट-पांढरं, पण घराणं तेच. फळ लालसर नारिंगी, बोटाच्या पेराहून लहान. चिरडलं तर आत मिरचीसारखं बारीक बी.

मला शोध लागल्याचा आनंद झाला होता. तो साधारण अर्धं मिनिट टिकला.

"बरोब्बर, वांग्याच्याच कुळातलं," मागून निनाद आला. "बॉक्सथॉर्न. मूळ दक्षिण आफ्रिकेचं." मग त्यानं लॅटिन नाव सांगितलं आणि शुभांगीला स्पेलिंगसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय काय माहीत असतं रे!"

वांग्याचं फूल मी ओळखलं होतं. स्पेलिंग मी वहीत उतरवलं आणि नंतर ताडून पाहिलं. बरोबर निघालं. चुकीचं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आमचा मुक्काम एका गोठ्याच्या शेतावर होता, ओपुनाकेच्या थोडं अलीकडे. निनादच्या ओळखीचा म्हातारा शेतकरी ग्रॅहम आपल्या घरामागची खोली भाड्यानं देतो. रात्रीचे सत्तर डॉलर, स्वयंपाकाची सोय आहे, चादरी आपल्या न्याव्यात. हायवेपासून खोलीपर्यंत खडीचा सरळ रस्ता, अंदाजे दीड किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंना तीच आफ्रिकन कुपाटी.

रविवारी ग्रॅहमनं आम्हाला शेत दाखवलं. तुम्ही इकडे जाणार असाल तर दीपगृह बघाल, समुद्रकिनारा बघाल, ते बघाच. पण कुणी शेतकरी भेटला तर त्याला या झुडपाबद्दल नक्की विचारा. शिव्या देता देता तो दोन तास बोलेल.

"माझ्या पणजोबाच्या पिढीनं लावलं," ग्रॅहम सांगत होता. "खारा वारा येतो, दुसरं काही टिकेना. हे टिकलं. मेट, हे टिकतंच. आता आम्ही विनवतो, बाबा, जा."

त्यानं आम्हाला तारेचा एक जुना खांब दाखवला. खांबाच्या बुडाशी हातभर झुडूप. पलीकडच्या खांबाखाली आणखी एक. फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. कुणी लावलेली नव्हती. पक्षी फळ खातो, खांबावर बसतो, आणि जिथे बसतो तिथे बी पडतं. पावसाळी दिवसांत पानांनी भरतं, फारच कोरडं पडलं तर पानं टाकून नुसता काट्यांचा सापळा करून उभं राहतं. आपल्याला वाटतं मेलं. पाऊस पडला की पुन्हा हिरवं.

"आणि उपटलं तर?" मी विचारलं.

"मुळाचा बोटाएवढा तुकडा राहिला ना, तरी पुन्हा फुटतं. तुकडे दहा राहिले तर दहा ठिकाणी."

निनाद म्हणाला, त्याच्या मूळ देशात ते असं भिंत करून वाढत नाही, माळावर सुटं सुटं असतं, जनावरं खुडतात, किडे खातात. इथे खाणारंच कुणी नाही. "म्हणजे स्थलांतर मानवलं म्हणायचं," शुभांगी म्हणाली. निनाद मोठ्यानं हसला. मी त्या झुडपाकडे बघत होतो. कुणी बोलावलं नाही, कुणी शिक्षण विचारलं नाही, जिथे पडलं तिथे रुजलं. खरं सांगतो, मला त्याचाही हेवा वाटला.

ग्रॅहमनं एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. हे छाटलं की काटे मरत नाहीत. वाळले की आणखी टणक होतात, खडीत मिसळले की दिसत नाहीत, आणि ट्रॅक्टरच्या टायरातूनही आत जातात. म्हणून छाटणी झाली की आधी ढीग करून जाळायचा, रस्ता झाडायचा, आणि तोवर तिथून कुणी गाडी न्यायची नाही. मी मान डोलावत होतो. आमच्या गावातही कुपाटी घातलेल्या वाटेवर 'इथे काटे आहेत' असं पुढच्याला सांगितल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. अनोळखी असला तरी थांबून सांगतो. भांडण असलं तरी सांगतो.

त्या संध्याकाळी निनाद आणि शुभांगी बाहेरच्या बाकावर मुलाखतीची तयारी करत बसले. तो वॉर्डची मुख्य सिस्टर झाला होता. प्रश्न इंग्रजीत, भराभर. ती उत्तरं देत होती, अडली की तो "अगं, असं म्हण" म्हणून वाक्य द्यायचा. मी आत वरण-भात लावला. कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो आणि बाहेरचं हसणंही मोजत होतो. मी तिला प्रश्न विचारू शकलो नसतो. मला ते प्रश्न नीट वाचतासुद्धा आले नसते. तिला याची कधी लाज वाटली नाही, हे मला ठाऊक आहे. मला वाटते, तेवढी पुरे होते.

आता सोमवार, २० मार्च.

आठ वाजता निनाद नाश्त्याला आला. त्याला हावेऱ्याला दुकानात जायचंच होतं, शिवाय तिला धीर द्यायचा होता. तो येऊन पोहोचला आणि थोड्याच वेळात रस्त्याच्या हायवेकडच्या टोकाला प्रचंड आवाज सुरू झाला. ट्रकवर बसवलेलं अवाढव्य पातं, विमानाच्या पंख्यासारखं, कुपाटीच्या अंगाला लावून नेतात आणि डहाळ्यांचा भुगा आकाशात उडतो. हे यंत्र या भागातल्या लोकांनी याच झुडपासाठी बनवलंय. बघायला मिळालं तर लांबून बघा.

आठ चाळीसला मी गाडी पुसत होतो. ग्रॅहम चार चाकांच्या मोटारसायकलवरून आला.

"मेट, हायवेकडच्या टोकाला कापून झालंय. यंत्र पलीकडच्या शेतात गेलं. मोठ्या फांद्या ओढल्या, पण रस्ता दहा वाजता झाडीन. तुम्ही गोठ्यामागून जा, दुधाच्या टँकरचा रस्ता आहे. तुझ्या दोस्तालाही सांग."

"स्वीट ॲज," मी म्हणालो.

तो गेला. आणि शुभांगी बाहेर आली. निळा कुडता, काळी पँट, पातळ तळाचे नवे काळे बूट. मी दार उघडून उभा होतो.

"अहो, मी निनादच्या गाडीत बसते. जाता जाता शेवटचे प्रश्न करून घेतो. तुम्ही मागून या, चालेल ना?"

"चालेल."

निनादनं हात वर केला. "प्रमोदशेठ, मी पुढे होतो, मला रस्ता माहितेय!"

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. त्याची गाडी वळून त्या सरळ रस्त्याला लागली, माझी मागे. माझा डावा हात हॉर्नवर होता. मला आठवतं, कारण हॉर्नचं प्लास्टिक थंड लागलं. मी मनात हिशेब केला होता, आणि तो इथे जसा आहे तसा मांडतो. रस्ता खडीचा, वेग वीसचा, त्यामुळे कुणाला इजा होणार नाही. एक टायर बसेल. तो बाह्या सरसावून जॅक शोधत बसेल. शुभांगी उतरेल, माझ्या गाडीत येईल, आणि मुलाखतीला मी तिला वेळेत पोहोचवीन. मी. बारावी नापास माणसाला हा हिशेब एका मिनिटात जमला.

हॉर्न मी वाजवला नाही.

त्याचे दोन टायर बसले, पुढचा आणि मागचा, डाव्या बाजूचे. मी बरंच मागे गाडी थांबवली. पुढे मी हिशेबात न धरलेली गोष्ट झाली. टायर बघायला शुभांगी घाईनं दार उघडून खाली उतरली. मी "उतरू नको!" म्हणून ओरडलो तोवर तिचं पाऊल खडीवर पडलं होतं.

ती ओरडली नाही. दाराला धरून एका पायावर उभी राहिली. पातळ तळातून काटा टाचेत शिरला होता आणि मोडला होता.

"शुभा, तू जा यांच्याबरोबर," निनाद म्हणाला. तो माझ्यावर चिडला नाही, संशयही आला नाही, स्वतःलाच शिव्या घालत होता. "माझंच लक्ष नव्हतं. गाढव आहे मी. प्रमोदशेठ, तिला वेळेत पोहोचवा, मी बघतो इकडचं."

मला त्याच्या गाडीचा, इंग्रजीचा, केस कापलेले ओळखण्याचा हेवा वाटला होता. त्या क्षणी त्याच्या भोळेपणाचा वाटला.

तेवढ्यात ग्रॅहम आला. त्यानं बसलेले दोन टायर बघितले. लंगडणाऱ्या शुभांगीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी वाट बघत होतो की आता हा बोलणार.

"काटे," एवढंच म्हणाला तो, आणि निनादला मदत करायला वाकला.

मी शुभांगीला उचलून गाडीत बसवलं, गाडी मागे घेतली आणि गोठ्यामागून टँकरच्या रस्त्यानं बाहेर काढली.

"हा रस्ता तुम्हाला कसा माहीत?" तिनं विचारलं.

"काल बघून ठेवला होता."

हे खोटं होतं.

हॉस्पिटलच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत आम्ही दहा वाजून चार मिनिटांनी पोहोचलो. तिनं पाय माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या गाडीत पेटी असते. त्यात सुई, चिमटा, जंतुनाशक, कापूस, सगळं मोजून भरलेलं.

"आडवी धरा सुई. कातडी वर उचला, खोल जाऊ नका," ती सूचना देत होती, ओठ पांढरे पडले होते. "मला पहिला प्रश्न विचारा."

"मला येत नाही तुझा प्रश्न."

"कुठलाही विचारा. मराठीत."

"तुला... तुला ही नोकरी का हवी?"

तिनं उत्तर दिलं. मराठीतच दिलं. हॅमिल्टनच्या घरात माझं गवत कापायचं मशीन ठेवायला जागा नाही, रोज ते मी ओल्या अंगणातून ओढत आणतो. इथे शेड असलेलं घर परवडेल. इथे कुंपणाची कामं भरपूर आहेत, निनादनं दोन ठेकेदारांशी माझ्यासाठी बोलून ठेवलंय. "तुम्हाला आवडणार नाही म्हणून त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. मीच नको म्हणाले होते. आधी मुलाखत होऊ दे म्हटलं."

काटा निघाला. अर्धं पेर लांब, टोक शाबूत. मी तो कापसात गुंडाळला. तिनं बूट घातला, उभी राहिली, दोन पावलं लंगडली, तिसऱ्या पावलाला सरळ चालायला लागली आणि आत गेली.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. त्या वेळात मी निनादला फोन लावला. दोनदा लावला, वाजायच्या आधी दोनदा तोडला.

मंगळवारी परतलो, स्ट्रॅटफर्डच्या बाजूनं. रस्ता चांगला आहे, डोंगर मागच्या आरशात बराच वेळ राहतो. शुभांगीची टाच सुजून लाल झाली होती. या झुडपाचा काटा गेला की तसंच होतं म्हणतात. तिनं आठवडाभर वृद्धाश्रमातल्या पाळ्या तशाच केल्या. गुरुवारी फोन आला, नोकरी मिळाली. जून महिन्यात जायचं आहे. तिनं सर्वात आधी मला सांगितलं, मग निनादला. मला क्रम लक्षात आला, आणि तो लक्षात आल्याचीच लाज वाटली.

हा लेख मी चार दिवस लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात दीपगृह होतं, डोंगर होता, झुडपाची सगळी माहिती होती, आणि 'वाटेत दुर्दैवानं मित्राच्या गाडीचे टायर बसले' असं एक वाक्य होतं. त्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी ते खोडलं आणि तुम्ही आत्ता वाचलंत ते लिहिलं. रविवारी सकाळी चहाबरोबर शुभांगीला वाचायला दिलं.

तिनं सगळं वाचलं. हॉर्नच्या परिच्छेदाला थांबली, परत मागे गेली, पुन्हा वाचला. चहावर साय धरली.

"ग्रॅहमनं सांगितलं होतं तुम्हाला."

"हो."

"मी त्या गाडीत नसते, माझ्या पायात काटा गेला नसता, तर सांगितलं असतंत कधी?"

"नाही."

"आणि हे लोकांना सांगणार?"

"तू म्हणशील तर."

"लोकांना मागाहून सांगा, प्रमोदराव." ती मला रागावली की प्रमोदराव म्हणते. तिनं फोन माझ्यासमोर सरकवला. "आधी त्याला सांगा. आत्ता. मी इथेच बसते."

मी फोन केला. सगळं सांगितलं, टँकरच्या रस्त्यासकट.

"मला वाटत होतं," निनाद म्हणाला, "तुम्ही मला जरा मानता."

मी टायरचे पैसे पाठवतो म्हणालो. संध्याकाळी पाठवले. सकाळी परत आले. सोबत निरोप होता, तो त्याला विचारून इथे देतो:

'पैसे नकोत. माझ्या परसात तारेच्या खांबाखाली बॉक्सथॉर्न उगवलंय, माझ्या उंचीचं झालंय. मला हात लावायची भीती वाटते. जूनमध्ये आलात की मुळासकट काढून द्या. पूर्ण जाईपर्यंत यायचं. आणि सांगायचं असेल ते थांबून सांगायचं.'

शुभांगी त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी टाचेला मलम लावायला पाय पुढे केला.

खर्च, दोघांचा मिळून, डॉलरमध्ये:

पेट्रोल, साडेआठशे किलोमीटर: १३१.४०
ग्रॅहमची खोली, तीन रात्री: २१०
चहा, दूध, भाजी, मोकाऊची थांबणी, हावेऱ्यातलं जेवण: ७४.६०
मलम आणि पट्ट्या: १८.५०
शुभांगीचे जाड तळाचे बूट: ९० (तिनं स्वतः घेतले, मला देऊ दिले नाहीत)
एकूण: ५२४.५०

देणं: निनादचे दोन टायर, ३१८. रोख स्वीकारलं जात नाही. एक झुडूप, मुळासकट. बोटाएवढा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतं, त्यामुळे किती खेपांत फिटेल ते आज लिहिता येत नाही. बेळकं मात्र करून ठेवलंय.